माझ्या स्टिअरिंगवरचा दुसरा हात

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि काही दिवस माझं स्टिअरिंग दोन माणसं धरत होती. त्यातलं एकच तुम्हाला दिसलं असतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसू येईलच असं नाही.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. रंग पांढरा, तोंड जरा रागीट, पण स्वभाव गरीब. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या उत्तरेश्वरने मला नवी कोरी घेतली, तेव्हा त्याच्या बायकोने, गोदाबाईने, माझ्या चारही चाकांना हळदकुंकू वाहिलं. आठ वर्षं मी मांजरीची भाजी मार्केट यार्डात पोचवली. कोथिंबिरीचे ढीग, फ्लॉवरची पोती, कधी नुसताच पालक. हमाल माझ्या फाळक्यावर पाय देऊन चढायचे, कधी वैतागून लाथही घालायचे. पण उत्तरेश्वरची गाडी वाटेत कधी रुसत नाही, असं तेच सगळ्यांना सांगायचे. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. उत्तरेश्वर स्वतः कमी बोलायचा. त्याचे हात मात्र हलके होते.

एकदा भर दुपारी रिकामं परतताना, कालव्याकडेच्या रस्त्यावर त्याच्या छातीत कळ आली. त्याने मला बाजूला घेतलं, गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते पुन्हा वर झालं नाही. मरतानासुद्धा त्याने मला पाण्यात जाऊ दिलं नाही.

त्यानंतर सहा महिने मी गोठ्याशेजारी उभी होते. टायरमधली हवा गेली, हौद्यात कोंबड्या बसू लागल्या. शेवटी गोदाबाईने मला दशरथला विकलं. किल्ली देताना ती एवढंच म्हणाली, "गाडी लय गुणाची हाय. ह्यांनी तिला कधी खड्ड्यात नाय घातली."

दशरथ मूळचा अकोल्याकडचा. मांजरीतल्या नव्या इमारतींना फरशा आणि पाइप पोचवायचं त्याचं काम. त्याची बायको ललिता सदाशिव पेठेत डोळ्यांच्या दवाखान्यात होती, लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायची. रोज सकाळी दशरथ तिला माझ्या डावीकडच्या सीटवर बसवून दवाखान्यात सोडायचा. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती होती आणि भूत, करणी, उतारा यांना दाराबाहेरच मज्जाव होता. मला ते घर आवडलं.

पण बांधकामांकडे जाणारे रस्ते म्हणजे नुसते खड्डे. माझं पोट दगडांना घासायचं. म्हणून दशरथने मला समाधान मिस्त्रीकडे नेलं. समाधानने पुढच्या स्प्रिंगांवर ठोकळे बसवले, मागच्या पाट्यांना लांब कड्या लावल्या आणि मी चांगली तीन इंच उंच झाले. खरं सांगते, मला जरा मिरवावंसंही वाटलं. फक्त एक झालं, सरळ रस्त्यावर माझं स्टिअरिंग तिरकं राहू लागलं. यावर समाधानने काय करावं? चाकं जुळवायचं सोडून त्याने स्टिअरिंगच उपसलं आणि सरळ करून परत बसवलं. ताप आला म्हणून थर्मामीटर झटकून ठेवावा, त्यातलाच प्रकार.

"अलाइनमेंट करावं लागेल का?" दशरथने विचारलं.

"कशाला? सरळ दिसतंय ना? मग सरळच आहे," समाधान म्हणाला, आणि दशरथला ते पटलं.

दुसऱ्याच दिवसापासून मी डावीकडे ओढू लागले. मला थांबवता येईना. शहराकडे जाताना कालवा डाव्या हाताला, आणि त्याला ना कठडा ना भिंत. दशरथ दोन्ही हातांनी मला आवळून धरायचा आणि दवाखान्यापर्यंत त्याचे खांदे भरून यायचे. त्याला वाटलं, उंच गाडीची सवय व्हायची आहे.

चौथ्या दिवशी सकाळी रस्त्यावर धुकं होतं. दशरथने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागला, क्षणभरच, पण दोन्ही हातांनी. मी लगेच डावीकडे वळले. माझं पुढचं चाक मातीच्या कडेवर आलं, खालचं पाणी मला दिसलं. आणि तेवढ्यात माझं स्टिअरिंग उजवीकडे फिरलं. सावकाश, अजिबात झटका न देता. मी रस्त्यावर आले.

मित्रांनो, तो हात हलका होता. मी तो ओळखला, आणि माझं इंजिन तापलेलं असूनही मला थंडी वाजली.

"बघितलंस? वेळेवर सावरली," दशरथ चष्मा घालत म्हणाला. ललिता त्याच्या हातांकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून दशरथ जरा सैल पडला, बोलण्यात गुंगला, की तो हात स्टिअरिंगवर यायचा. गावात मात्र भलतंच पसरलं. गाडी नेमकी कालव्याकडे ओढते म्हणजे उत्तरेश्वर तिला बोलावतोय, असं जो तो सांगू लागला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की ओढते ती मी, तो नाही! पण माझ्याजवळ हॉर्नखेरीज काय होतं?

दशरथ वरवर हसायचा, आतून मात्र पार खचला होता. एका सकाळी ललिताला माझ्या बंपरखाली बांधलेली काळी बाहुली सापडली.

"अहो, हे काय आहे?"

"समाधान म्हणाला, बांधून बघा."

"आपल्या घरात हे?"

"घरात कुठे? गाडीला आहे."

"छान. म्हणजे भुताला बंपरपर्यंत परवानगी आहे तर." ललिताने बाहुली सोडवून कचऱ्यात टाकली. मग तिचा आवाज बदलला. "अहो, त्या दिवशी आपण दोघं पाण्यात गेलो असतो. मी रोज माणसांचे डोळे तपासते. मोजल्याशिवाय मी कुणाला चष्मा देत नाही, आणि तुम्ही न मोजता बाहुली बांधताय? चाकं मोजून घ्या. नाहीतर मी या गाडीत बसणार नाही आणि तुम्हालाही बसू देणार नाही."

त्याच दुपारी दोघं मला हडपसरला श्रीनिवासरावांच्या अलाइनमेंट सेंटरवर घेऊन गेले. श्रीनिवासरावांनी मला एकदा खालून वर न्याहाळलं.

"उंच केलीत? वा. आणि चाकं?"

"त्यांचं काय?" दशरथ म्हणाला.

"माणसाने उंच टाचा घातल्या की चाल बदलते. गाडीची बदलणार नाही, असं आपल्याला कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्या चारही चाकांना चौकोनी पट्ट्या अडकवल्या. समोरच्या पडद्यावर आकडे उमटले, एकूण एक लाल. मग त्यांनी चारही पट्ट्या काढून पुन्हा लावल्या. आकडे तेच आले.

"डाव्या चाकाचं डोकं बाहेर कललंय, टायरची कड खाल्ली गेलीय. आपण येता कुठून?"

"मांजरीहून. कालव्याच्या रस्त्याने."

"रोज?" श्रीनिवासरावांच्या आवाजातला टोमणा गेला होता. "अहो, या आकड्यांवर ही गाडी एका माणसाला त्या रस्त्यावर धरवायची नाही. कुणी धरली होती?"

"मीच की," दशरथ म्हणाला.

"नाही," ललिता हळूच म्हणाली. "तुम्ही चष्मा पुसत होतात."

श्रीनिवासरावांनी एक ठोकळा तिरका बसला होता तो नीट केला, पाना घेऊन चाकांना जोडलेल्या सळया फिरवल्या, चाकं जुळवली, मग स्टिअरिंग सरळ केलं. आकडे एकेक करून हिरवे झाले. किती दिवसांनी माझं अंग ठणकायचं थांबलं!

"मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडून बघा," ते निघताना म्हणाले. "सरळ गेली पाहिजे."

परतताना कालवा उजव्या हाताला होता. ऊन स्वच्छ होतं, रस्ता रिकामा होता. दशरथने वेग कमी करून स्टिअरिंगवरची बोटं उचलली. मी सरळ चालले. दहा हात, वीस हात. दशरथ हसला.

आणि माझं स्टिअरिंग उजवीकडे फिरू लागलं.

त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं! तो अजून माझी जुनी ओढ तोलत होता, आणि आता ओढच नव्हती. मी पाण्याकडे निघाले. दशरथने स्टिअरिंग पकडलं, ते हलेना. त्याने ब्रेक दाबला, चाकं खडीवर घसरत राहिली.

ललिताने स्टिअरिंगकडे बघितलं आणि घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "उत्तरेश्वरभाऊ, चाकं मोजून घेतली. गाडी आता नीट आहे. सोडा तुम्ही."

स्टिअरिंग मोकळं झालं. कडेपासून वीतभर अंतरावर मी थांबले.

दशरथने हँडब्रेक ओढला. "ललिता, तू तर मानत नाहीस."

"मानत नाही," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण त्यांना सांगायला नको?"

मित्रांनो, तेव्हापासून मी सरळ चालते. दशरथ दर काही महिन्यांनी मला श्रीनिवासरावांकडे नेतो, टायरच्या जागा आलटून-पालटून घेतो, समाधानच्या दारात उभा राहत नाही. तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, तिच्यात काही बदल केलात तर तिची चाल तपासून घ्या. ती एका बाजूला ओढत असेल तर ती काहीतरी सांगते आहे, तिचं ऐका. मला सांभाळणारं माणूस मेल्यावरही माझ्यासाठी राबत राहिलं, कारण जिवंत माणसांनी आपलं काम केलं नव्हतं. आता ते सुटलं आहे. कालव्याच्या त्या रस्त्यावर मला त्याची फार आठवण येते, आणि स्टिअरिंगवर फक्त दशरथचेच हात असतात.