उपरण्याखालचा आकडा

मोहिनीने रक्तदाबाचा पट्टा वडिलांच्या दंडावरून सोडवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"अण्णा, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आता किती?"

"दोन," उत्तमराव म्हणाले.

"सकाळीही दोनच होतं."

"भाव स्थिर हाय."

खुर्चीचा हात त्यांनी इतका आवळला होता की नखं पांढरी पडली होती. मोहिनीने ते पाहिलं. तिने पाहिलं हे उत्तमरावांनी पाहिलं, आणि हात उचलून मिशीवर ठेवला.

मोहिनी वेदनेची डॉक्टर. हैदराबादेत कर्करोगाच्या रुग्णांचं दुखणं आटोक्यात ठेवायचं हे तिचं काम, आणि माणसं आपलं दुखणं आकड्यात कसं सांगतात हे तिचं संशोधन. परदेशातल्या परिषदेत त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. गावी, आखाडा बाळापुरात मात्र ते संशोधन ओसरीवरच अडलं होतं. "दोन" ऐकून तेवढंच मॉर्फिन दिलं तर माणूस तळमळणार. अंदाजाने वाढवलं तर गुंगीत बुडणार.

उत्तमरावांचंही चूक नव्हतं. जन्मभर बैलबाजारात दलाली केलेला माणूस. आकडा विचारणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. पोटची पोरगी झाली म्हणून काय झालं? जास्त सांगितलं की ही गाडी बोलावणार आणि हैदराबादला नेऊन नळ्या लावणार.

"खोटं बोलून राहिले ते," उंबऱ्यात लसूण सोलत बसलेल्या मोहिनीच्या आई, शालूबाई, म्हणाल्या. "रातभर बसून काढतेत. इचारलं तर म्हणतेत, मच्छर हायेत."

"हायेतच की."

"अन् तू तरी खरं बोलून राहिली का गं? बापलेकीची नुसती कुजबुज. मी आले की दोघं कापसावर बोलतेत."

मोहिनीने वडिलांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, खुर्ची पुढे सरकवली आणि आपल्या उजव्या हातावर ते पसरलं.

"हे काय?"

"बाजार. तोंडाने नका सांगू."

बैलबाजारात भाव बोलत नसत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरत. आकडा दोघांतच राही. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून हे शिकली होती.

उत्तमरावांनी तिच्याकडे बैलाचे दात तपासावेत तसं पाहिलं. मग त्यांचा हात आत गेला. आधी तिचा अख्खा पंजा धरला. सोडला. मग चार बोटं.

नऊ. मोहिनीने चेहरा हलू दिला नाही. तेही त्यांच्याचकडून शिकलेलं.

ती हात काढू लागली, तर त्यांनी सोडला नाही. आपली बोटं मोकळी करून तिच्या मुठीत दिली. आता भाव तिने सांगायचा होता. किती महिने उरलेत, हे त्यांनी आजवर तोंडाने एकदाही विचारलं नव्हतं.

रस्त्याने एक टेम्पो गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मोहिनी तिकडेच पाहत राहिली. मग तिने त्यांची दोन बोटं धरली.

त्यांनी लगेच तिसरं पुढे केलं. तिने ते हळूच मागे सारलं. त्यांनी पुन्हा केलं. तिने पुन्हा सारलं. मग उपरण्याखाली काहीच हललं नाही.

"पार्टी लई पक्की हाय," उत्तमराव म्हणाले आणि हात बाहेर काढला.

"कितीला जमलं?" शालूबाईंनी विचारलं.

"बाजारातलं घरी इचारू नाही."

सौदा मनासारखा झाला की ते उपरणं झटकून खांद्यावर टाकत. आज त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि कडेला कड जुळवून त्याची घडी घातली. शालूबाई ती घडी पाहत राहिल्या. मग लसणाचं ताट बाजूला सारून त्यांनी मोबाइल घेतला आणि थोरल्या मुलाला लावला.

"दिपक, तुझ्या प्रतिक्षाच्या सासरच्यांना सांग, लगीन उन्हाळ्यात न्हाई, याच महिन्यात उरकू. मुहूर्त नसला तर नसू दे... काहून म्हणजे? मोहिनीला सुट्टी हाय आत्ता, म्हणून."

मोहिनीची सुट्टी रविवारी संपत होती. ते तिघांनाही ठाऊक होतं.

उत्तमरावांनी गोळीसाठी हात पुढे केला.