घराचा मूळ रंग

पनवेलमधल्या जुन्या घरांच्या वारसा यादीत आपलंही घर आलंय हे कळलं, तेव्हा कमलाकररावांनी कपाळाला हात लावला. "आता स्वतःच्या घरात खिळा ठोकायचा तरी साहेबांना विचारा."

 त्यांच्या पत्नीला, शशिकलाबाईंना, घर फार आवडायचं. त्यांना डाचायचा तो फक्त रंग. लग्न होऊन आल्या तेव्हाही भिंती बदामी होत्या आणि रंगारी आला की कमलाकरराव पुन्हा बदामीच सांगत. एकदा बाईंनी भीतभीत गुलाबी सुचवला, तर म्हणाले, "घर आहे की बर्फाचा गोळा?"

यंदा दिवाळीआधी घराला रंग द्यायचा होता, म्हणून परवानगी मागितली. वारसा समितीकडून वल्लरी नावाची तरतरीत आर्किटेक्ट आली. आतून हवं ते करा, म्हणाली. दर्शनी बाजू मात्र मूळ होती तशीच ठेवायची.

"म्हणजे बदामी," कमलाकरराव समाधानाने म्हणाले.

"ते बघावं लागेल, काका."

वल्लरीने सज्जाखालचा, ऊनपाऊस न लागलेला कोपरा निवडला आणि पातळ पात्याने हलकेच खरवडायला घेतलं. बदामी निघाला. त्याखाली पुन्हा बदामी, मग फिकट हिरवा, मग मळकट निळा. शशिकलाबाई पदर खोचून तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. शेवटी चुन्याला घट्ट धरून बसलेला थर उघडा पडला. चांगला ठसठशीत गुलाबी.

कमलाकररावांनी चष्मा पुसून पाहिलं. "हे अस्तर असेल."

"नाही काका, हाच मूळ रंग."

"अहो, हे घर बांधणारे आमचे आजोबा मिठाचे व्यापारी. कधी हसलेले कोणाला आठवत नाहीत."

"घर रंगवताना हसले असतील," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत राहिले. कमलाकरराव जरा वेळ तोंड पाडून उभे होते. मग तेही फिस्सकन हसले.

रंग पुरा झाला त्या संध्याकाळी अर्धी आळी रस्त्यावर उभी होती. समोरच्या हितेशने फोटो काढून खारघरच्या बहिणीला पाठवले. शशिकलाबाई नवी साडी नेसून सगळ्यांना चहा देत फिरत होत्या. कमलाकरराव मात्र एका बाजूला फोनवर बोलत होते. बाई चहा घेऊन जवळ गेल्या, तर ऐकू आलं:

"वल्लरी, तुला सवड झाली की खिडक्यांचंही बघून जा ना. हा तपकिरी फारच मिळमिळीत दिसतोय."