अकरावर थांबलेला धोटा

मित्रांनो, मला ओळखणारी माणसं आता नागपुरातही थोडीच उरली आहेत, म्हणून आधी माझी ओळख सांगतो. मी एक जुना धोटा आहे. हातमागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे धावतो, तो मी. शिसवी लाकडाचा, वीतभर लांब, होडीसारखा. माझ्या पोटात एक पोकळी आहे. तिच्यात धाग्याची कांडी बसते. त्या पोकळीबद्दल पुढे बोलायचं आहे. बोलायची लाज वाटते, पण बोलणार आहे.

माझ्या विणकरानं, महादेवरावांनी, उजव्या हातानं मला फेकायचं आणि डाव्या हातानं झेलायचं, अशी आमची तीस वर्षं गेली. लुगडी विणली, काठात कधी एक तार चुकली नाही. "हा धोटा नाही, पाखरू आहे," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. मग यंत्रमाग आले आणि आमचा माग मोडीत गेला. मला मात्र त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून सोबत आणलं, मुलाच्या सक्करदऱ्यातल्या घरी.

तिथेही त्यांनी एक रीत ठेवली. सकाळचा चहा झाला की व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचं आणि मला वीस वेळा या हातातून त्या हातात फेकायचं. टप्, टप्, टप्. शेजारचे आनंदराव, तेही जुने विणकर, फाटकातून म्हणायचे, "काहून गा महादेव, हवेतच लुगडं विणून राहिला का?"

"विणून झालं का पहिलं तुलेच नेसवतो," महादेवराव म्हणायचे आणि खिशातला तंबाखू-सुपारीचा खर्रा दोघं वाटून खायचे.

आत सून दामिनी पोळ्या लाटायची. ती फार काळजी करणारी. झोपलेल्या लेकीच्या, अदितीच्या, नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. माझा आवाजही ती लाटता लाटता मनात मोजायची. वीस झाले की तिला वाटायचं, आजचा दिवस सुरू झाला.

आता त्या पोकळीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी महादेवरावांचं बीपी वाढलेलं निघालं. रोज एक गोळी, बरं वाटलं तरी थांबवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी नीट घेतली. मग त्यांनी विणकराचा हिशेब लावला. ताणा एकदा बरोबर बसला की त्याला पुन्हा हात लावत नाहीत. जो सारखा ताणा पिळत बसतो, त्याचेच धागे तुटतात. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. बसलेला ताणा कोण छेडते?" असं ते माझ्याशीच पुटपुटले. त्या दिवसापासून त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, गोळी हातावर ठेवली आणि त्या पाण्याला वळल्या, की गोळी माझ्या पोटात जायची. वर सुताचा बोळा. मग महादेवराव पाणी प्यायचे, घटाघट, आवाज करून.

मित्रांनो, मला तोंड नाही. मी भीतीनं आतून थिजून जायचो. रोज एक गोळी वाढायची आणि रोज मी तीच घेऊन हवेत उडायचो.

एका सोमवारी नवव्या फेकीला मी खाली पडलो. डावा हात उघडलाच नाही. बोटं परक्याची असावीत तशी लोंबत होती. आवाज थांबला तशी दामिनी बाहेर आली.

"मामाजी, काय झालं?"

"हात झोपला वं. विणकराचा हात आहे, झोपते कधी कधी."

मागावर तासन्‌तास बसून हात बधिर व्हायचा, तेव्हा तेल चोळायचं आणि पुन्हा बसायचं, हीच आमच्याकडची रीत. दहा मिनिटांत बोटं हललीसुद्धा. दामिनी म्हणाली, आजच दवाखान्यात दाखवू. प्रेमिलाबाई हसल्या. "तू लय भेते बापा." हात बरा झाला म्हणून सगळ्यांची भीती गेली. माझी वाढली. पुढे दवाखान्यात कळलं की ती मोठ्या झटक्याआधीची सूचना होती. आपोआप बरं झालेलं दुखणंच त्या वेळी सर्वांत धोक्याचं होतं.

गुरुवार उजाडला. मुलगा भूपेश सहालाच बुटीबोरीला कामावर गेला होता, अदिती शाळेत. टप्, टप्. नऊ. दहा. अकरा.

बारावा आवाज आला तो फरशीवरचा. माझा.

दामिनी कणकेच्या हातांनीच धावली. महादेवरावांच्या तोंडाची डावी बाजू खाली उतरली होती आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

"मामाजी, हसून दाखवा."

अर्धाच चेहरा हसला.

"दोन्ही हात वर करा."

उजवा वर गेला. डावा जरासा उठला आणि पडला.

"अदितीला हाक मारा बरं."

त्यांनी मारली, पण त्या हाकेत अदिती नव्हती, नुसता ओला आवाज होता. दामिनीनं घड्याळ पाहिलं आणि पिठाच्या बोटानं भिंतीवर लिहिलं, ८.१०. मग १०८ ला फोन लावला. पत्ता तिनं दोनदा सांगितला.

प्रेमिलाबाई रडत म्हणत होत्या, "थांब वं, तेल कोमट करतो, हाताले चोळतो. घोटभर गोड चहा तरी दे त्याहिले."

"आई, तोंडात काही घालू नका. गिळता आलं नाही तर छातीत जाईल."

आनंदराव आले. "हा लकवा आहे. कामठीकडं एक जण औषध देते. दोन फेऱ्यांत माणूस चालाले लागते."

"आनंदकाका, तुम्ही चौकात उभे राहा आणि गाडी इकडे वळवा. बाकीचं नंतर."

महादेवरावांना कुशीवर वळवताना तिचा पाय माझ्यावर पडला. तिनं खाली पाहिलं. सुताचा बोळा निघाला होता आणि माझ्याभोवती बारीक पांढऱ्या गोळ्या पसरल्या होत्या. सतरा. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"मी तं रोज हातावर देत होती," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

दामिनीनं त्या गोळ्या माझ्यात भरल्या आणि मला ओढणीत बांधलं. असा मी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, शेवटचे धडधाकट कधी होते? दामिनी म्हणाली, "आठ वाजून दहा मिनिटांनी आवाज थांबला. त्याआधी अकरा वेळा झेललं होतं." दुसरा प्रश्न गोळ्यांचा होता. तिनं ओढणी सोडली.

मेंदूचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवण्याचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेही सगळ्यांना नाही. त्यातही एकेक मिनिट मोलाचं. महादेवरावांना ते वेळेत मिळालं. मला ते लगेच समजलं. कांडीवरचा धागा अडकला आणि माग चालतच राहिला, तर कापडात विरळ जागा पडते, ती मागून भरता येत नाही. तेल, चहा आणि कामठी यांत दुपार झाली असती.

महादेवराव दहा दिवसांनी घरी आले. डावा हात अजून जड आहे, बोलणं जरा ओढल्यासारखं. पहिल्याच दिवशी ते दामिनीला म्हणाले, "ताणा बरोबर होता, तो गोळीनंच बरोबर होता वं. मले समजलंच नाही." त्यांच्या खिशातला खर्रा काढून तिनं कचऱ्यात टाकला. आनंदरावांनीही दुसऱ्या दिवशी गुपचूप बीपी तपासून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी गोळी चुकवत असेल. उशीखाली, कुंडीत, खिशात बघा. कोणाचं तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर वाट बघू नका. लगेच बरं वाटलं तरीही नाही. घड्याळ बघा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. तुम्ही लहान असाल, लोक हसतील. हसू द्या.

माझी पोकळी आता रिकामी आहे. प्रेमिलाबाई गोळी देतात आणि म्हणतात, "जीभ दाखवा." मग महादेवराव मला हातात घेतात. डाव्या हातातून मी अजून बऱ्याचदा निसटतो, पण रोज थोडं पुढे जातो. भिंतीवरचे आकडे कोणी पुसलेले नाहीत. अकरा झाले की आतलं लाटणं थांबतं, आणि मीही हवेत घाबरून जातो. मग टप् होतं, आणि लाटणं पुन्हा फिरू लागतं.