मुलांची खोली

सोहैरनं खरवडायच्या पत्र्याची धार भिंतीला लावली आणि दाबून ओढली. गिलाव्याचा आणखी एक पोपडा सुटून तिच्या पायावर पडला.

"मेल्या इहाब!" ती एकटीच ओरडली.

ओरडणार नाही तर काय करणार? वडिलांनी हौसेनं भिंतींवर चिकटवलेला फुलाफुलांचा कागद तिच्या धाकट्या भावानं एका संध्याकाळी कोरडाच ओरबाडून काढला होता. तो गरम पाण्यानं भिजवून, खळ सुटू देऊन सावकाश काढायचा असतो, हे सांगायला ती शाळेतून घरी पोचली, तोवर निम्मा गिलावा जमिनीवर आला होता.

"लग्न तोंडावर आलंय, अब्ला," थोरल्या बहिणीला लाडीगोडी लावत तो म्हणाला होता. "आणि तुझी खोलीही चकाचक होईल की!"

मग हा पठ्ठ्या कामावर निघून गेला आणि भिंती आल्या हिच्या गळ्यात. शाळेत पोरांशी घसा फोडून आल्यावर ती रोज उरलेली खळ धुवायची, खड्डे भरायची, वाळले की घासायची, पुन्हा भरायची. अलेक्झांड्रियाच्या त्या ओल्या समुद्री हवेत मेलं काही लवकर वाळतही नव्हतं. तरी स्वतःचा पलंग खोलीबाहेरच्या बोळात काढून ती राबत होती. खोली तिची होती ना!

जिन्यातूनच 'लुलुलुलू' असा आनंदाचा गजर घुमला. इहाबची होणारी सासू इन्साफ आली होती. मागे नवरी मुलगी रीहाम, हातात मोजायची टेप. घर रंगवून द्यायचं मुलाकडच्यांनी, त्यात सामान भरायचं मुलीकडच्यांनी. तेव्हा मापं घ्यायला बाई येणारच. इहाब पुढेपुढे करत होता.

"बोळात हा पलंग कुणी अडकवून ठेवलाय?" करवादत इन्साफ खोलीत शिरली. "हं, ही मुलांची खोली. दोन छोटे पलंग, एक कपाट. सुतार कामाला लागलाय."

"कुणाच्या मुलांची?" सोहैरनं विचारलं.

"अगं, यांच्याच! होतीलच की, अल्लाच्या कृपेनं."

लग्नाआधीच पोरांचे पलंग जिना चढताना सोहैरनं गल्लीतल्या घराघरांत कितीदा पाहिले होते, खिदळलीही होती. आज तिला हसू आलं नाही. तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ छत बघत होता.

"आणि मी?"

"सांगणारच होतो तुला, अब्ला. बाहेरच्या खोलीतला सोफा उघडला की झोपता येतं. नाहीतर तिकडे तांता शहरात मावशी एकटीच असते..."

"सांगणार होतास. कधी? भिंती घासून झाल्यावर?"

भरून घासलेल्या भिंतीवरून इन्साफनं तळवा फिरवला. "काय हात आहे पोरी तुझा! लोण्यासारखी झालीय. आमच्याकडेही एक भिंत आहे बघ अशीच, येशील का?"

सोहैरच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं पत्रा उचलला, इन्साफच्या तळव्याशेजारी टेकवला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खसाखसा ओढत नेला. आठवड्याची मेहनत भुगा होऊन खाली पडली.

"वेड लागलं का तुला?" इहाब धावला.

"भिंत तयार नाही अजून," ती म्हणाली. "उद्या भरीन, परवा पुन्हा खरवडीन. रंग लागल्याशिवाय यांचं सामान वर चढत नाही ना? मग बसा वाट बघत! तुझ्या न जन्मलेल्या पोरांना खोली आहे आणि मला सोफा? लाज वाटत नाही?"

"हिला आवर, इहाब!" इन्साफ किंचाळली.

"ये, आवर. पुढे ये तर खरा."

इहाब जागीच थांबला. रीहामनं टेपचं टोक सोडलं. टेप सर्रकन आत गेली.

"अब्ला," तिनं विचारलं, "तुमचा पलंग कुठल्या भिंतीला असायचा?"

"रीहाम!" आई ओरडली.

"मी त्यांना विचारतेय."

सोहैरला धाप लागली होती. राग तसूभरही ओसरला नव्हता. तिनं पत्र्यानंच खिडकीकडची भिंत दाखवली.

रीहाम बोळात गेली, पलंगाच्या एका टोकाशी वाकली आणि इहाबला म्हणाली, "धर तिकडून."