आधी मी, मग कॉम्प्युटर

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. स्वतःला जुना म्हणायचा हक्क फक्त माझा. दुसऱ्या कोणी म्हटलं तर मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो. आजकालचे स्कॅनर पाहिलेत ना? पापडासारखे पातळ! मी तसा नाही. मी चांगला ऐसपैस, पंगतीत मांडी ठोकून बसलेल्या व्याह्यासारखा. माझ्या पाठीला दोन रुंद खाचा आहेत. एकीतून पंचवीस तारांची जाडजूड केबल कॉम्प्युटरकडे जाते आणि दुसरीत प्रिंटरची केबल बसते. म्हणजे प्रिंटरला कॉम्प्युटरशी बोलायचं असेल तर ते माझ्यामार्फत. आता तुम्हीच सांगा, मोठा कोण?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो थर्माकोल, अंधार आणि कसारा घाटातले हिसके. १९९९ साली, तुळशीची लग्नं लागत होती त्या दिवसांत, नाशिक रोडला खंडेरावांच्या दुकानात माझं खोकं उघडलं आणि मी पहिल्यांदा उजेड पाहिला.

खंडेराव लग्नपत्रिका करून द्यायचे. आमच्याकडच्या पत्रिका म्हणजे नावांची जत्राच असते, मित्रांनो. चुलते, मामा, आत्याचे यजमान, सरपंच, भाऊबंद, कोणी राहायला नको. मामाचं नाव चुलत्याच्या वर गेलं तर चुलते रुसले, आणि खाली गेलं तर मामा जेवायलाच येत नाहीत. अशी भांडणं सोडवता सोडवता खंडेरावांचे केस पिकले होते. मानपान त्यांच्या हाडीमाशी भिनलेला. दुकानातल्या यंत्रांनाही त्यांनी नाती लावून दिली होती. कॉम्प्युटर हा घरचा कर्ता. प्रिंटर त्याचा धाकटा भाऊ. आणि मी? मी शेंडेफळ.

सकाळी दुकान उघडलं की खंडेराव उदबत्ती लावायचे आणि बटणं स्वतःच्या हातानं दाबायचे. आधी कॉम्प्युटर. तो पूर्ण जागा झाला, पडद्यावर चित्रं उमटली, की प्रिंटर. आणि सगळ्यात शेवटी माझ्या वायरीची पिन बोर्डात. यात बदल नाही. एकदा उठवलेला कॉम्प्युटर संध्याकाळच्या दिवाबत्तीपर्यंत झोपवायचाही नाही. कर्त्या माणसाला भरदिवसा कोण झोपवतं?

दुकानात टायपिंगला प्रतिभा होती. कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, हसरी, हाताला वेग असलेली मुलगी. माझा ड्रायव्हर बसवायचं काम तिच्याकडे आलं. ड्रायव्हर म्हटल्यावर खाकी कपड्यातला एसटीचा माणूस डोळ्यांसमोर आणू नका. हा ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. माझी भाषा कॉम्प्युटरला कळत नाही, त्याची मला कळत नाही. हा मध्ये बसून दोघांचं जुळवून देतो. तो एका सीडीत राहतो. खंडेरावांनी त्या सीडीला काय करावं? चकाकत्या बाजूवर हळदकुंकू वाहिलं!

"काका, अहो काय केलंत!" प्रतिभा ओरडली.

"नवीन माणूस घरात आला, ओवाळायचं नाही का? आणि ही त्याची कुंडली. देवाजवळच ठेवणार आहे मी."

प्रतिभानं ओढणीच्या टोकानं हलक्या हातानं सीडी पुसली. नशिबानं दुभाषा आत सुखरूप होता. तिनं तो कॉम्प्युटरमध्ये बसवला, मला हाक मारली, आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी झळकली: स्कॅनर सापडला नाही.

अरे, सापडला नाही म्हणजे काय? मी हा असा समोर ढिम्म बसलोय!

प्रतिभा हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी खंडेरावांनी कॉम्प्युटर चालू करताच तिनं पटकन एक कळ दाबली आणि त्याच्या पोटातल्या सेटिंगचा निळा पडदा उघडला. तिथं माझ्या केबलचा रस्ता एकेरी ठेवलेला होता. कॉम्प्युटर मला सांगू शके, पण मी पाहिलेलं त्याला नीट पोचवू शकत नसे. तिनं रस्ता दुहेरी केला. केबलचे स्क्रू घट्ट पिळले. दुभाषा काढून पुन्हा बसवला. तरी पाटी तीच!

"काका, मला वाटतं स्कॅनर आधी चालू करायला हवा. कॉम्प्युटर उठताना हजेरी घेतो. तेव्हा हा झोपलेला असतो, मग याची गैरहजेरी लागते."

"शेंडेफळ कर्त्याच्या आधी उठणार? माझ्या दुकानात नाही," खंडेराव म्हणाले आणि विषय संपला.

आणि नेमक्या त्याच दिवशी कुसाबाई आल्या.

कुसाबाई येवल्याच्या. त्यांचे यजमान नाथा हे पैठणीचे विणकर होते, आता ते हयात नव्हते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या लेकीसुनांसाठी पैठण्या विणल्या. स्वतःच्या बायकोसाठी मात्र एकच, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, उरल्यासुरल्या रेशमाची. तिच्या पदरावर त्यांनी मान वळवून मागं बघणारा मोर काढला होता. तसा मोर त्यांनी पुन्हा कुणासाठी विणला नाही आणि त्याचा नक्शा कधी कागदावरही उतरवला नाही. तो त्यांच्या डोक्यात होता आणि त्यांच्याबरोबरच गेला. आता साडी विरली होती. उरला होता फक्त पदर, आणि तोही घडीघडीवर उसवत चाललेला.

कुसाबाई एसटीनं आल्या होत्या. मांडीवर लाकडी फळी, फळीवर वर्तमानपत्र आणि त्यात तो पदर, झोपलेलं बाळ आणावं तसा. बरोबर नात होती, सृष्टी.

"दादा, माझा लेक कारभारी मागावर बसतो," त्या खंडेरावांना म्हणाल्या. "त्याला ह्यो मोर उतरवायचाय. पण धागा मोजाया बोट लावलं की धागाच तुटतो. फोटोवाल्याकडं गेलो, तर फोटोत मोर दिसतो, धागा नाय दिसत. कुणी सांगितलं का तुमच्याकडं काचेचं मशीन हाय. ह्या पोरीच्या अंगावर तिच्या आज्याचा मोर बघायचाय मला. बाकी काय नाय मागणं."

माझ्या काचेखाली दिवा आहे, मित्रांनो, आणि तो धाग्याला बोट न लावता धागा न् धागा बघू शकतो. हे काम माझंच होतं! पण पडद्यावर काय? स्कॅनर सापडला नाही. कुसाबाई पदर घेऊन परत गेल्या. त्या निघताना फळीवरच्या वर्तमानपत्रात जरीचा थोडा चुरा पडलेला मी पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, पुन्हा तशाच गेल्या. या वेळी मोराच्या तुऱ्याजवळ एक नवी चीर पडलेली होती.

खंडेरावांनाही ते बघवेना. रागानं त्यांनी माझं खोकं माळ्यावरून खाली काढलं. "दळभद्री मशीन! उद्याच्या उद्या ज्याचं त्याला परत. बाई परत आल्या तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?" माझी ही बदनामी मी निमूट ऐकली. तोंडच नाही तर करणार काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव उदबत्ती लावायला वळले, तोच एक गिऱ्हाईक तावातावानं आत शिरलं. गेणू नाव त्यांचं, भगूरकडचे शेतकरी, हातात पत्रिकेचा कच्चा नमुना.

"खंडेरावभाऊ, हे काय केलंत? आमच्या थोरल्या दाजींचं नाव पार तळाला? दाजी लग्नात पाय ठेवणार नाहीत!"

खंडेरावांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "गेणूभाऊ, शांत व्हा. लग्नात सगळ्यात मानाचा माणूस कधी येतो?"

"कधी म्हणजे? सगळी मंडळी बसल्यावर."

"बरोबर. आधी येऊन रिकाम्या खुर्च्या मोजत बसत नाही तो. वऱ्हाड जमलेलं असतं, वाजंत्री तयार असतात, मग तो येतो आणि सगळे उठून उभे राहतात. म्हणून दाजींचं नाव शेवटी, आणि ठळक. मानाचा माणूस नेहमी शेवटी येतो!"

गेणूभाऊंचा चेहरा खुलला. "आयला, खरंच की!" म्हणत ते खुशीत निघून गेले. आणि इकडे प्रतिभा टुणकन खुर्चीतून उठली.

"काका! मग आपण काय करतो रोज? कॉम्प्युटर आपल्या दुकानातला सगळ्यात मानाचा ना? आणि त्याला आपण रोज सकाळी रिकाम्या मांडवात आणून बसवतो. ना वऱ्हाड जमलेलं, ना वाजंत्री. सगळे झोपलेले! कर्त्याचा असा अपमान?"

खंडेरावांची उदबत्ती लावायचीच राहून गेली. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, मी इतकी वर्षं लोकांना शहाणपण शिकवतोय आणि माझ्याच घरात मांडव रिकामा!"

तेवढ्यात दारात फळी दिसली. कुसाबाई सकाळच्या पहिल्याच गाडीनं आल्या होत्या. "दादा, आता ही शेवटची खेप," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपंला पदर ऱ्हाणार नाय."

खंडेराव ताठ उभे राहिले. "चला, वाजंत्री आधी!" त्यांनी माझी पिन बोर्डात खोचली. माझा दिवा लागला. मग प्रिंटर. तो कुरकुरला, पण उठला. आणि मग, सगळी मंडळी जागेवर बसल्यावर, खंडेरावांनी दोन्ही हातांनी नमस्कार करून कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

कॉम्प्युटर उठला. त्यानं हजेरी घेतली. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव पुकारलं गेलं! हजर! हजर! हजर! मी ओरडलो. तुम्हाला ते फक्त 'घुंईं' असं ऐकू आलं असतं.

प्रतिभानं माझं झाकण उघडलं. कुसाबाईंनी फळी तिरकी करून पदर माझ्या काचेवर अलगद उतरवला. तो काचेपेक्षा मोठा होता, म्हणून आम्ही एकेक भाग घेतला. माझा दिवा हळूहळू सरकू लागला आणि त्याच्यासोबत पडद्यावर मोर उमटू लागला. आधी पाय, मग पिसारा, मग ती मागं वळलेली मान. प्रतिभानं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. पडद्यावर धागे दिसले. हिरवा, जांभळा, मध्ये जर. नाथांनी कुठं धागा बदलला, कुठं गाठ मारली, सगळं लख्ख. सृष्टी तर पडद्याला नाक लावून धागे मोजायलाच लागली.

कुसाबाई एका ठिकाणी बोट दाखवून खुदकन हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हितं बघा, हितं चुकलं व्हतं त्यांचं. मी मागाच्या म्होरं जाऊन बसले आन् ह्यांचं लक्ष उडालं. मला म्हणले, ऱ्हाऊ दे, तुझी आठवण हाय ती."

मग त्यांनी दोन्ही हात माझ्या अंगावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. त्यांनी माझी दृष्ट काढली, मित्रांनो! कारखान्यात माझी किती परीक्षा झाली असेल, पण एवढं कौतुक तिथं कुणी केलं नव्हतं. खंडेरावांनी माझं रिकामं खोकं गुपचूप माळ्यावर टाकलं.

कारभारीनं ती चित्रं जोडून भिंतीवर लावली, त्यावरून नक्शा काढला आणि मोर मागावर उतरवला. माझीही मग चलती झाली. नवरानवरींचे फोटो, कुलदैवतांची चित्रं, मुंजीतले बटू, सगळ्यांना मी माझ्या काचेवर घेतलं. खंडेराव येईल त्याला सांगायचे, "आमच्याकडे आधी वऱ्हाड उठतं, मग कर्ता."

पण दिवस सारखे नसतात. नवा कॉम्प्युटर आला. त्याला माझ्या केबलची खाचच नव्हती, आणि माझ्या जुन्या दुभाष्याची भाषा त्याला येत नव्हती. त्याच्यासोबत एक पातळ स्कॅनर आला. मी आणि माझा जुना कॉम्प्युटर माळ्यावर गेलो. तिथं धूळ होती, झुरळं होती आणि माझं ते थर्माकोलचं खोकं होतं. वाईट वाटलं का? वाटलं. रोज सकाळी खाली उदबत्तीचा वास आला की मी मनातल्या मनात हजर म्हणायचो.

२००९ साली एका सकाळी माळ्याला शिडी लागली. प्रतिभाचा हात! आता दुकानात तिची निम्मी भागीदारी होती. खाली खुर्चीत कुसाबाई बसल्या होत्या, केस पांढरेशुभ्र, आणि शेजारी लाजत उभी होती सृष्टी. तिचं लग्न ठरलं होतं. टेबलावर कारभारीनं तिच्यासाठी विणलेली पैठणी होती, तोच मोर, मागं वळून बघणारा. कुसाबाईंच्या आग्रहानं त्यानं वडिलांची ती चूकसुद्धा जशीच्या तशी विणली होती. पत्रिकेवर हाच मोर छापायचा होता, आणि पातळ स्कॅनरला तो जाड जरीचा पदर धूसर दिसत होता. काचेला चिकटलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं, बिचारा!

खंडेराव थकले होते, पण त्यांनी देव्हाऱ्यातून माझी कुंडली आणली. कुंकवाचा एक ठिपका तिच्यावर अजून होता. प्रतिभानं जुना कॉम्प्युटर मांडला, दुभाषा पुन्हा बसवला, आणि बटणांपासून बाजूला सरून म्हणाली, "काका, तुम्हीच."

आधी मी. मग प्रिंटर. मग कॉम्प्युटर. घुंईं! हजर!

मोर असा उमटला की सृष्टी लाजणं विसरून पुन्हा पडद्याला नाक लावून धागे मोजायला लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र गप्प बसलं असेल, तर ते बिघडलं असं लगेच म्हणू नका. त्याची केबल जपा, त्याची सीडी जपा, त्याच्यावरची धूळ पुसा. आणि त्याला बोलवायची रीत आपलीच चुकत नाही ना, तेवढं एकदा पाहा.

मी काही पुन्हा माळ्यावर गेलो नाही. सृष्टीच्या लग्नाची ती पत्रिका आजही दुकानाच्या भिंतीवर, माझ्या अगदी समोर लावलेली आहे. वर मोर. खाली चुलते, मामा, आत्याचे यजमान. त्याखाली लहान मुलांची ओळ, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि तिच्याही खाली, अगदी तळाला, कुसाबाईंनी हट्टानं लिहायला लावलेलं आणि खंडेरावांनी ठळक अक्षरांत बसवलेलं एक नाव: खंडेरावांच्या दुकानातला स्कॅनर.

पार शेवटी. मानाचा माणूस कुठं असतो, ते तुम्हाला आता ठाऊक आहेच.