प्रविणची दाढी

धाटावच्या केमिकल कंपनीत ज्यांना गॅसचा मास्क लावावा लागतो, त्यांना रोज गुळगुळीत दाढी करूनच गेटातून आत यावं लागतं. खुंट राहिले की मास्क गालाला चिकटत नाही आणि गॅस आत शिरतो. बाकीचे कामगार शिफ्टच्या घाईत प्लास्टिकच्या रेझरने गाल ओरबाडून येत. भरतही आधी तसाच यायचा. गळ्यावर पुटकुळ्या उठायच्या, दिवसभर आग व्हायची. मग एकदा रोह्याच्या बाजारात एका जुन्या कटलरीच्या दुकानात त्याला पितळी मुठीचा, एका पात्याचा रेझर मिळाला आणि तिथून गडी जो बिघडला तो बिघडलाच.

वरसे गावातल्या भरतच्या घरी मोरीत फळीवर बायकोच्या, रोहिणीच्या शाम्पूला जागा राहिली नाही. जड रेझर, हलका रेझर, वस्तरा, निरनिराळ्या केसांचे ब्रश, चंदनाचा साबण, लिंबाचा साबण. एकदा त्याने खोबरेल आणि एरंडेल आटवून घरीच साबण केला होता. त्याचा फेस झाला नाही, मात्र पातेलं कायमचं गेलं. गरम पाण्यात ब्रश भिजवायचा, वाटीत फेस घोटत बसायचं, तो सायीसारखा दाट झाला की गालावर गोल गोल चोळायचा आणि मग पात्याचा तो खरखर आवाज कान देऊन ऐकायचा. आवाज मऊ झाला की समजायचं, जागा साफ झाली. तेवढा वेळ भरत अगदी सुखात असे. पण चहा पिईपर्यंत हात पुन्हा जबड्याखाली जाई. इथे जरा राहिलंय. दुसरं पातं घ्यायला हवं होतं. उद्या तो साबण बघू.

"या माणसाला एका जागी चैन म्हणून नाय," रोहिणी म्हणायची. "गालाची सालं काढलीत तरी उद्या दुसरा रेझर आणाल."

रोहिणीचा धाकटा भाऊ प्रविण हमरापूरला राहायचा, पेणच्या पलीकडे. दुसऱ्याच्या गणपतीच्या कारखान्यात तो मूर्ती रंगवायचा. हात चांगला होता, पण मूर्ती गावोगाव गेल्या की दिवाळी उलटेपर्यंत तो नुसता बसून असायचा. लग्न झालं, मुलगी सरू झाली, तसं ते बसणं त्याला खायला लागलं. भरतने कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकला. प्लांटवर एक जागा होती. फक्त मास्कची चाचणी पास व्हायची आणि दाढी काढायची.

दाढीचंच अवघड होतं. कॉलेजात असताना रामवाडीजवळ हायवेवर प्रविणची मोटारसायकल घसरली होती. हनुवटीपासून जबड्यापर्यंत फाटलं होतं. टाके भरले, पण वण दोरीसारखा वर राहिला. त्यानंतर प्रविणने जी दाढी वाढवली ती कधी काढलीच नाही. त्याच्या बायकोने, पूजानेसुद्धा, त्याची हनुवटी पाहिली नव्हती.

"मी करतो तुझी," भरत म्हणाला. "न्हाव्याकडं कशाला जायचं? बघ तर, झोप लागेल तुला."

रविवारी सकाळी पडवीत खुर्ची टाकली. कात्रीने दाढी उतरवली, गरम पाण्याचा टॉवेल दाबून धरला आणि भरतने चंदनाचा फेस चढवला. दुसऱ्याचा चेहरा तो पहिल्यांदाच करत होता. गालावरून पातं सरसर उतरलं. पण वणाशी आल्यावर त्याचा हात थांबला. बोटाने चाचपलं. एका बाजूला उंचवटा, त्याच्याखाली खाच. खाचेतले केस काढायला त्याला कातडी ताणून पात्याचा कोपरा फिरवावा लागला.

"लई वाईट दिसतं का, भावजी?" डोळे मिटूनच प्रविणने विचारलं.

"नाय रे. कोण बघतंय?"

प्रविणने आरसा हातात घेतला. मग वणावर तळवा ठेवून म्हणाला, "चला, नोकरी तर लागंल."

चाचणीच्या दिवशी भरतही त्याच खोलीत होता, त्याची वर्षाची तपासणी होती. सेफ्टीचे धुमाळ साहेब माणसाला मास्क लावायला सांगत, डोक्यावरून एक पारदर्शक टोपडं घालत आणि त्याच्या आत एक कडू औषध फवारत. मास्क नीट बसला असेल तर जिभेला काही कळत नाही. फट असेल तर तोंड कडू होतं.

"मान वळवा. आता खाली बघा. काही कडू लागतंय?"

"नाय," प्रविण म्हणाला.

भरत समोरच्या बाकावर बसला होता. प्रविणने दोनदा गिळलेलं त्याला दिसलं. डाव्या डोळ्याची पापणी फडफडली. साहेब कागदावर सही करत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. प्रविण बाहेर आला तो हसत आला, भरतचा हात दाबून पाणी प्यायला नळाकडे गेला. चूळ भरली, थुंकला, पुन्हा चूळ भरली.

त्या दिवसापासून भरतला काही सुचेना. सकाळी आरशासमोर उभा राहिला की फेस घोटता घोटता हात थांबायचा. ती खाच त्याने बोटाने चाचपली होती. रबराची कड त्या उंचवट्यावरून खाली बसणार कशी? रेझर बदलून पाहिले, नवीन पाती आणली, लिंबाचा साबण सोडून पुन्हा चंदनाचा घेतला. एक दाढी धड होईना. कानाखाली चांगलंच कापलं आणि तुरटी लावताना तो मोठ्याने ओरडला.

"काय झालंय तुम्हाला?" रोहिणीने विचारलं.

"काय नाय."

प्रविणचं ट्रेनिंग चालू होतं, पुढल्या आठवड्यात प्लांटवर जायचा होता. जेवणाच्या सुट्टीत भरत त्याला गेटाबाहेर चहाच्या टपरीमागे घेऊन गेला.

"कडू लागलं होतं ना तुला?"

प्रविणने ग्लास खाली ठेवला. "मग? जरासं लागलं. रोज काय गॅस सुटतो काय?"

"ज्या दिवशी सुटंल त्या दिवशी काय करशील? साहेबांना तू सांग. दुसऱ्या मापाचा मास्क बघतील."

"आणि नाय बसला तर? घरी बसू? तुम्हाला सांगायला काय जातंय, भावजी. तुमचा गाल साफ हाय."

"तू नाय सांगितलंस तर मला सांगावं लागेल."

"सांगा," प्रविण उठला. "ताईला पण सांगा मग."

भरतने दुसऱ्या दिवशी सांगितलं. केबिनबाहेर येरझाऱ्या घालून, एकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरून, शेवटी आत जाऊन सांगितलं. धुमाळ साहेब रागावले नाहीत. त्यांनी प्रविणला बोलावून लहान मोठे, होते तेवढे सगळे मास्क लावून पाहिले. एकही बसला नाही. मास्क लागत नाही त्या पॅकिंगमध्येही जागा नव्हती. संध्याकाळच्या गाडीने प्रविण हमरापूरला निघून गेला. वरशाला घरी ठेवलेली त्याची पिशवीसुद्धा त्याने नेली नाही.

रोहिणीने भांडण केलं नाही. तिने नुसतं बोलणं सोडलं. ताट वाढायची आणि आत जायची. एकदाच म्हणाली, "त्याचं तोंड उघडं केलंत तुम्ही, आणि मग हाकलून दिलंत."

"मेला असता गो तो."

"माहीत हाय मला," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून तर तुम्हाला धड शिव्या पण देता येत नायत."

भरतची दाढी आता पाचेक मिनिटांत उरकायला लागली. फेसात मन लागत नव्हतं. पण घरातही थांबवेना आणि कामावरही. दिवाळी उलटून गेल्यावर एका सुट्टीच्या सकाळी त्याने प्रविणची पिशवी उचलली आणि गाडीत बसला.

हमरापूरला कारखान्याच्या पत्र्याखाली पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. पूजा दारातच भेटली. "मागं हायत," एवढंच म्हणाली. प्रविण मागच्या पाण्याच्या टाकीशी उकिडवा बसला होता. टाकीला आरशाचा तुकडा टेकवलेला, गालाला अंगाच्या साबणाचा पातळ फेस, हातात साधा प्लास्टिकचा रेझर. हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

भरतला वाटलं होतं, एव्हाना दाढी वाढली असेल.

"पिशवी आणली," तो म्हणाला.

"ठेवा तिथं."

प्रविणने पातं पाण्यात हलवलं.

"परत वाढवायला घेतली होती," तो आरशात बघूनच म्हणाला. "मग म्हटलं, सगळ्या कंपनीनं मास्क लावून लावून बघितला वण. आता कोणापासून लपवू? इथं पोरं दोन दिवस बघत राहिली. मग विसरली."

वणाशी त्याने रेझर आडवा ओढला. भरतचा हात आपोआप पुढे आला. "आडवं नको..."

"तुम्ही गप बसा."

भरत शेजारी बसला. हात गुडघ्याखाली दाबून धरला. प्रविणने आणखी एकदा ओढलं, तिथेच रक्ताचा तिसरा ठिपका आला. मग त्याने उसासा सोडून रेझर मागे धरला, न बघता.

"खाचेतलं मला दिसत नाय. करा."

भरतने आधी फेस पुसला, ओंजळीने पाणी मारलं आणि साबण हातावरच घोट घोट घोटला, दाट होईपर्यंत. कातडी ताणली. त्या भुक्कड रेझरने, कान देऊन, हलके हलके केस काढले. खरखर मऊ होत गेली. प्रविणने डोळे मिटले होते.

"कडू लागल्याचं मी सांगणार नव्हतो, भावजी. कधीच नसतं सांगितलं," तो म्हणाला. "अजून राग हाय मला."

"असू दे."

कारखान्यातून कोणीतरी हाक मारली. कानाशी राहिलेला फेस हातानेच पुसत प्रविण उठला. जाता जाता म्हणाला, "जेवून जा. पूजानं भात टाकलाय."

जेवून भरत स्टेशनवर आला. बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. रोहिणीचा फोन आला.

"बोलला का?"

"बोलला."

"काय म्हणाला?"

"राग हाय म्हणाला."

"मग बोलला म्हणायचं," ती म्हणाली. "या लवकर. येताना पेणचे पापड मिळाले तर बघा."

पेणच्या बाजारात जायचं तर रोह्याची गाडी सोडावी लागणार होती आणि ती यायच्या बेतात होती. भरत उठला, स्टेशनबाहेर आला आणि पेणकडे जाणाऱ्या रिक्षाला त्याने हात केला.