गोड बोलण्याची कळशी

कशेळ्याच्या सोसायटीच्या रेशन दुकानात श्रीपत रॉकेल मापायचा. माप चोख, पण तोंड असं की म्हशीनं पान्हा चोरावा. तक्रारींना कंटाळून कोंडाजी चेअरमननी इनाम लावलं. ज्यानं गोड बोलून माल दिला, त्याच्या डब्यात गिऱ्हाइकानं चिंचोका टाकायचा. दिवाळीला ज्याचा डबा जड, त्याला स्टीलची कळशी.

श्रीपतच्या बायकोनं, मालनबाईनं, ती कळशी मिळायच्या आधीच पाणवठ्यावर बोलण्यात मिरवून टाकली होती. वर नवऱ्याला बजावलं, "माजं नाक कापू नका. दुकानात तरी गोड बोला."

दुसऱ्या दिवशी श्रीपत कामाला लागला.

"या, या सोनुबाई! बरी हाय ना तब्येत?"

सोनुबाईचा चेहरा पडला. रिकामा डबा उचलून ती चालू लागली. तिच्यामागची तिघंही तशीच वळली. वरच्या वाडीतली ठकी आली, तिला तर त्यानं "बस गं बाय, दमली असशील" म्हटलं. तीही सुस्कारा टाकून परत फिरली.

धान्य मोजणारा नागू पोट धरून हसत होता. "अरं, तू गोड कदी बोलतोस? राकेल संपल्यावर!"

खरंच की! माल असला की श्रीपत खेकसायचा, आणि पिंप कोरडं पडलं की शरमेनं त्याची जीभ मऊ व्हायची. गावोगावी ही खूण पाठ झाली होती.

श्रीपतनं रस्त्याकडं पाहिलं. ठकी वळणापर्यंत पोचली होती. तिला दोन तासांचा डोंगर चढायचा होता. नेमके तेव्हाच चेअरमन दारात येऊन उभे राहिले. आता ओरडलो तर कळशी गेली, हे श्रीपतला पक्कं कळत होतं. मालनबाईचं नाक डोळ्यांपुढं आलं.

"ए ठके! कुटं निगालीस मरायला? पिंप काठोकाठ हाय, फिर मागं!"

ठकीचा चेहरा फुलला. ती पळत आली, तिच्यामागं सोनुबाई आणि बाकीचीही आली. रॉकेल घेऊन ठकीनं चिंचोका टाकला तो श्रीपतच्या डब्यात.

चेअरमन चक्रावले. "अगं, तो तर तुझ्यावर खेकसला!"

"व्हय," ठकी म्हणाली. "पन रिकामी जाऊ नाय दिलं मला."

श्रीपतनं घाईनं तोंड फिरवलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकावर डाफरला.

दिवाळीला श्रीपतचाच डबा जड भरला, आणि कळशी मालनबाईच्या डोक्यावर चढली. पाणवठ्यावर बायकांनी छेडलं, "काय गं, आता घरी पन गोड बोलतो का?"

"बोलला परवा," मालनबाई म्हणाली. "मी आदी सगळं डबं उघडून बघितलं."